धोतरा ऊर्फ मामा

संस्कृत भाषेत धोतऱ्याला मामा म्हणतात. हे मी पदरचे सांगत नाही. अमरकोशातल्या वनौषधिवर्गात धोतऱ्याची जी नावे एका दमात दिली आहेत, त्यांत 'मातुल' हे एक आहे. आणि मातुल म्हणजे आईचा भाऊ, दुसरे काही नाही. विषारी झाडाला मामा का म्हणावे, असा प्रश्न सरळमार्गी वाचकाला पडेल. पण ज्याने कंसाची आणि शकुनीची गोष्ट ऐकली आहे त्याला तो पडू नये. मराठीत तर 'मामा बनवणे' हा शब्दप्रयोग रोजच्या वापरातला आहे. तो धोतऱ्यावरूनच आला असे माझे म्हणणे नाही. माझे दोन मामा हयात आहेत आणि त्यांतले एक माझ्या गृहकर्जाला जामीन आहेत, तेव्हा या विषयावर अधिक संशोधन करण्याची माझी इच्छा नाही.

बाकीची नावेही अशीच. उन्मत्त म्हणजे वेडा. कितव म्हणजे जुगारी. धूर्त म्हणजे लबाड. मदन म्हणजे मदनच. ही यादी झाडाची नसून पोलीस चौकीतल्या फळ्यावरची आहे असे वाटते. आमच्या बँकेत एकाच इसमाची दोन नावे आढळली तरी आम्ही त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र मागतो. सहा नावांचा इसम काउंटरवर आला तर मॅनेजरसाहेब त्याला खुर्ची देतील, चहा देतील, आणि मागच्या दाराने शिपायाला चौकीवर पाठवतील.

पण मला सगळ्यांत आवडलेले नाव वेगळेच आहे. अमरसिंह म्हणतो, हा 'कनकाह्वय' आहे, म्हणजे सोन्याची जी जी नावे तीच याची नावे. कनक, हेम, सुवर्ण, काय हवे ते म्हणा. हा प्रकार वाचला तेव्हा मी सोनेतारणाच्या टेबलावर होतो. समोर एका बाईंच्या पाटल्या, पोत आणि कानांतल्या कुड्या काट्यावर होत्या, आणि बाई काट्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. पेरणीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यातले निम्मे सोने असे बँकेच्या तिजोरीत येऊन झोपते आणि कापूस विकला गेला की जागे होते, म्हणजे कापूस विकला गेला तर. हिंदीतल्या बिहारी कवीने कनक या शब्दावर श्लेष करून सोन्याची नशा धोतऱ्याच्या शंभर पट ठरवली, त्याला आता साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. बिहारी आमेरच्या दरबारात होता आणि त्याने सोने घेणारे पाहिले होते. सोने ठेवायला येणारे पाहिले असते, तर त्याने हिशेब वेगळा मांडला असता.

आता मुळाचा विचार करू. संस्कृतात हा शब्द धत्तूर, धुत्तूर, धुस्तूर अशा निरनिराळ्या वेषांत भेटतो, आणि आपला धोतरा त्यांतल्याच उकाराच्या घराण्यातला दिसतो. एकाच शब्दाची अशी तीन-तीन रूपे आढळली की तो लोकांच्या तोंडून आत आला असावा आणि पंडितांनी आपापल्या परीने त्याला सोवळे नेसवले असावे, असा संशय घ्यायला जागा असते. काहींना धत्तूर आणि धूर्त यांच्यात नाते दिसते. धूर्ताचे प्राकृतात 'धुत्त' होते, आणि आपल्याकडे माणूस दारू पिऊन 'धुत्त' होतो. सगळे कसे छान जुळते! पण वीस वर्षे सह्या ताडून पाहण्यात घालवलेला माणूस 'छान जुळते' या शब्दांना फार भितो. हुबेहूब जुळणारी सही हीच बहुधा खोटी असते. खऱ्या सहीत कुठे तरी हात हललेला असतो. माझे मत विचाराल तर धत्तूर हे त्याचे पाळण्यातले नाव, आणि धूर्त हे गावाने मागाहून ठेवलेले. धोतरा आणि धोतर यांचे मात्र काही नाते नाही. धोतरा खाल्ला की धोतराचे भान राहत नाही, एवढाच काय तो त्यांचा संबंध.

दुसरी एक गंमत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात, धोतऱ्याचे कुळ मूळचे अमेरिकेचे. आता कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली, आणि अमरसिंह तर त्याच्या निदान हजार वर्षे आधीचा मानला जातो. मग अमरसिंहाने हा मामा पाहिला कुठे? २००७ साली दोन संशोधकांनी संस्कृत ग्रंथ, देवळांतली शिल्पे आणि अरबी वैद्यकाची पुस्तके चाळून दाखवून दिले की कोलंबसाच्या कितीतरी आधी धोतरा आपल्याकडे होता. समुद्र ओलांडून तो कसा आला, हे मामालाच विचारायला हवे. आणि तो सरळ उत्तर देणाऱ्यांपैकी नाही.

इथून पुढे मात्र शब्दाचा प्रवास लेखी सापडतो, आणि तो आपल्या गोव्यातून सुरू होतो.

गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात उतरला. मोठा हुशार माणूस. पुढे मुंबई बेटच त्याला खंडाने मिळाले होते. आज मुंबईत दोन खोल्यांसाठी आयुष्यभर हप्ते भरणाऱ्या माझ्या चुलतभावाला मी हे सांगितले, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ओर्ताने इकडच्या औषधांवर एक जाडजूड पुस्तक लिहिले आणि ते १५६३ साली गोव्यातच छापले गेले. पुस्तक संवादरूप आहे: एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा, जो अधूनमधून शंका काढतो. यातला विसावा संवाद धोतऱ्यावर आहे. तिथे एक प्रकरण घडते. घरातल्या दासीने मालकिणीच्या जेवणात धोतऱ्याची फुले कालवली आणि ऐवज घेऊन पोबारा केला. मालकिणीला आणून वैद्यासमोर उभे केले तर ती नुसती हसते आहे! ओर्ता सांगतो, धोतरा चढलेला माणूस भलताच उदार होतो. त्याच्या देखत दागिने उचला, तो हसत राहतो. विचारले एक तर बोलतो दुसरेच. उलट्या आणि बस्ती यांचा मारा करून त्याने अशा रोग्यांना शुद्धीवर आणले.

शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. ओर्ता धोतऱ्याची देशी नावे देतो. मलबारी नाव त्याने 'उन्मताकाया' असे लिहिले, म्हणजे आपला उन्मत्त. आणि गोव्याच्या लोकांच्या ज्या भाषेला पोर्तुगीज 'कानारीम' म्हणत, तिच्यातले नाव लिहिले 'दातीरो'. कोकणी माणूस आजही 'धोतरो' म्हणतो. ध उच्चारायला पोर्तुगीज जीभ तयार नव्हती, तेव्हा ध चा द झाला. आपल्या इतिहासात ध चा मा झालेला सर्वांना पाठ आहे. ध चा द झाला त्याची मात्र कुणी दखल घेतली नाही. हाच 'दातुरा' मग लॅटिनात, इंग्रजीत आणि जगभरच्या औषधांच्या पुस्तकांत गेला. ज्या गोव्याच्या बाजारात ओर्ताने हे नाव टिपले, तिथल्या कुणा भाजीवालीला किंवा वैद्यबुवाला आपण जगाला शब्द पुरवतो आहोत याची कल्पना नसेल. ओर्ताला त्याचे फळ काय मिळाले? तो १५६८ साली वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता असे इन्क्विझिशनने मागाहून ठरवले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी! आमच्याकडे निवृत्त झालेल्या माणसाची चौकशी काढतात तेव्हा तो फार गळाठतो. त्याला मी ही गोष्ट सांगतो. धीर येतो असे नाही, पण गप्प बसतो.

पुढे स्वीडनचा लिनिअस आला. याने जगातल्या झाडापाल्याला दोन-दोन नावांची शिस्त लावली. रानटी भाषांतली नावे त्याला चालत नसत. ग्रीक किंवा लॅटिन असेल तरच आत प्रवेश. मग हा धोतरा आत कसा शिरला? तर लिनिअसच्या लक्षात आले की लॅटिनात 'दातुरा' म्हणजे 'देणार असलेली'. देणे या क्रियापदाचे हे भविष्यकाळी स्त्रीलिंगी रूप. कुचकामी नवऱ्यांना बायका हे झाड खायला देतात आणि पुढेही देतील, तेव्हा नाव योग्यच आहे, असा खुलासा त्याने केला. नियमाला बगल द्यायची आणि फाइलवर कारण नोंदवून ठेवायचे! हा मनुष्य कुठल्याही बँकेत प्रादेशिक कार्यालयापर्यंत सहज चढला असता. आणि 'देणार असलेली' ही कल्पना आम्हांला परकी नाही. मंजूर झालेले पण अजून हातात न पडलेले कर्ज, त्याला शाखेत आम्ही दुसरे काही म्हणत असलो तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने ते दातुराच.

१७५३ च्या त्याच्या ग्रंथात आपल्या धोतऱ्याला 'दातुरा मेटेल' असे पूर्ण नाव मिळाले. यातला मेटेल अरबी. अरब हकीम धोतऱ्याच्या काटेरी फळाला 'जौज माथिल' म्हणत, त्यातल्या माथिलचा हा अवतार. म्हणजे पहिले नाव गोव्याच्या बाजारातले, आडनाव अरबी आणि दाखला देणारा स्वीडिश. आमच्या परभणीला यात नवल वाटायचे कारण नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. शेत मराठीत नांगरायचे, सातबारा उर्दूत आणि देवाला संस्कृतात सांगायचे, अशी आमच्या आजोबांची पद्धत होती.

अमेरिकेतली एक हकीकत जाता जाता सांगून टाकतो. १६७६ साली व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन गावी बंड मोडायला आलेल्या इंग्रज शिपायांनी धोतऱ्याच्या भाऊबंदाचा कोवळा पाला भाजी म्हणून शिजवून खाल्ला. पुढे अकरा दिवस ब्रिटिश साम्राज्याचे रक्षक हवेत पीस उडवीत होते आणि एक जण कोपऱ्यात नागडा बसून माकडासारखे दात दाखवीत होता. शुद्धीवर आल्यावर कुणाला काही आठवेना. तिथे या झाडाला अजून त्या गावाचे नाव आहे. बंडही पुढे मोडले. भाजीचा त्याच्याशी संबंध नाही.

आपल्याकडे मात्र या भाजीचा उपयोग हौसेसाठी झाला नाही. रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूशी गोड बोलायचे, त्याच्या पिठात किंवा मिठाईत धोतऱ्याचे बी मिसळायचे आणि तो बडबडू लागला की त्याची गाठोडी घेऊन चालू लागायचे, हा धंदा इथे पिढ्यान् पिढ्या चालला. स्लीमनने ठगांचा रुमाल बंद पाडला, तरी धोतरेवाले उरले. रुमालाने गळा आवळायला दोन-तीन माणसे लागतात. धोतऱ्याला चिमूट पुरते. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत याला 'वाटमाऱ्यांचे विष' अशा अर्थाचे नाव पडले आणि मुंबई इलाख्याच्या सरकारी रसायनतज्ज्ञांना त्याच्या तपासण्या कराव्या लागल्या. पंचाईत अशी की धोतऱ्याचे बी मिरचीच्या बीसारखे दिसते. दिसणारच, मिरची, वांगे, बटाटा, टोमॅटो, तंबाखू ही सगळी त्याची सख्खी-चुलत भावंडे. एकाच घरात वांग्यासारखा पापभीरू मुलगा आणि धोतऱ्यासारखा मामा निपजावा, हे आपल्याकडेही होतेच. त्यामुळे वैद्यकीचा विद्यार्थी अजून हा फरक पाठ करतो: मिरचीचे बी गोलसर, फिकट पिवळे आणि तिखट वासाचे, धोतऱ्याचे मूत्रपिंडाच्या आकाराचे, तपकिरी, बिनवासाचे आणि चवीला कडू. परभणी जंक्शनवर 'अनोळखी व्यक्तीने दिलेले खाद्यपदार्थ खाऊ नका' अशी सूचना ऐकू येते तेव्हा लोकांना ती आजकालची वाटते. ती फार जुनी आहे. फक्त पूर्वी ती भोंग्यावरून देत नसत. आजी देत असे, आणि भाकरीबरोबर बांधून देत असे.

सरकारनेही धोतऱ्याचा धसका घेतलेला आहे, पण मोजून. सरकारी धान्यखरेदीच्या प्रतवारीत गहू-ज्वारीमध्ये धोतऱ्याचे बी किती चालेल याचा आकडा आहे: ०.०२५ टक्के. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. टक्केवारी दिसली की मला राहवत नाही. क्विंटलला पंचवीस ग्रॅम! हा आकडा कुणी, कसा आणि कुणाला खायला घालून ठरवला, या विचाराने मी एक रात्र जागलो आहे.

महादेवाला मात्र हे बंधन नाही. महाशिवरात्रीला आमच्याकडे बेलाशेजारी धोतऱ्याची फुले आणि काटेरी बोंडे टोपलीत येतात. एरवी ज्याला कुणी हात लावत नाही, ते त्या दिवशी पैसे देऊन घ्यावे लागते. परभणीत पारदेश्वराचे मंदिर आहे. तिथली पिंड पाऱ्याची. हलाहल पचवलेला देव, पाऱ्याची पिंड आणि वर धोतऱ्याचे फूल, अशी तिन्ही विषे एका जागी सुखाने नांदताना मी पाहिली आहेत. भाविक तीर्थ तेवढे जपून घेतात.

आता जरा वेगळे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही म्हणतो ते उगीच नाही, असे निदान या प्रकरणात तरी मला वाटते. १८३३ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी धोतऱ्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला 'दातुरीन' म्हटले. शब्द पुन्हा आपलाच. पण युरोपात बेलाडोना नावाच्या झुडपातूनही तसेच द्रव्य निघाले होते, त्याचे नाव ॲट्रोपीन. मागाहून कळले की दोन्ही एकच. मग एकच नाव ठेवायचे ठरले, आणि अर्थात युरोपातले राहिले. विलीनीकरणात कोणत्या बँकेची पाटी उतरते हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. हे नाव अट्रोपॉस या ग्रीक देवीवरून आले आहे. ग्रीकांच्या तीन बहिणी माणसाच्या आयुष्याचा धागा सांभाळतात. एक कातते, एक मोजते, आणि ही तिसरी तोडते. अट्रोपॉस म्हणजे 'जी वळत नाही ती'.

ती परभणीत एकदा वळली, ते मी पाहिले.

आमच्या शाखेचा एक खातेदार आहे. नाव कशाला, आमच्या गंगाखेड रस्त्यावरच्या एका गावाचा, चार एकर पऱ्हाटीवाला. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, ते सर्वांनी वाचले. तसे प्रसंग इतर जिल्ह्यांतही घडतात. फक्त एकेकटे घडतात म्हणून वर्तमानपत्रात येत नाहीत. हा गडी भर उन्हात, उलट्या वाऱ्यात, तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर पंप मारत राहिला. संध्याकाळी धुऱ्यावरच बसला तो उठेना. तोंडाला फेस, डोळ्यांना-नाकाला धार, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. भावाने मोटारसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात आणले. मी बघायला गेलो तेव्हा डॉक्टर ॲट्रोपीन टोचत होते. एक दिले, नाडी पाहिली, छाती ऐकली, पाच मिनिटांनी दुप्पट दिले. एका कुपीत ०.६ मिलिग्रॅम. रिकाम्या कुप्यांचा ट्रेमध्ये ढीग झाला होता. सवयीने मी मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिले.

त्यातली युक्ती डॉक्टरांनी मला मागून समजावली. कीटकनाशकाने शरीरातले सगळे नळ उघडे पडतात. छातीतच पाणी साचते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. धोतऱ्याचे नेमके उलट. तो सगळे नळ बंद करतो: तोंड सुके, कातडी सुकी, बाहुल्या मोठ्या. तेव्हा एका विषाच्या अंगावर दुसरे सोडायचे, आणि छाती कोरडी होईपर्यंत सोडत राहायचे. म्हणजे काय, तर डॉक्टर त्याला शिस्तीत धोतरा चढवीत होते. ज्या औषधाने वाटसरू लुटले, त्याच्याच चाळीस-पन्नास कुप्या सरकारी खर्चाने!

पहाटे छाती मोकळी झाली, पण आता ओर्ताचा रोगी दिसू लागला. गडी हसायला लागला. मला त्याने 'मास्तर' म्हणून हाक मारली. मग उठून बसला आणि अंगावरच्या चादरीतून चिमटीने काही तरी उचलून उशीच्या खोळीत टाकू लागला. एक उचलायचा, टाकायचा. दुसरे उचलायचा, टाकायचा. नवख्या सिस्टर घाबरल्या. डॉक्टर म्हणाले, "थोडं जास्त झालंय, उतरेल, घाबरायचं काम नाही." त्याची बायको मात्र तोंडाला पदर लावून बघत होती, ती म्हणाली, "कापूस येचायलेत, सायेब."

खरेच, तो वेचणी करत होता. दोन्ही हातांनी, बोंडाबोंडाला बोटे लावून, अगदी सराईतपणे. भावाला राहवले नाही. रात्रभर जागलेला माणूस, त्याने विचारले, "किती भरला रं दादा?"

"चाळीस क्विंटल," तो म्हणाला.

आठवड्याने घरी गेला, आणि पंधरा दिवसांनी पीककर्जाच्या नूतनीकरणाला बँकेत आला. चाळीस क्विंटल मी त्याला आठवून दिले. त्याला काही आठवत नव्हते. चार एकरांत त्याला कधी वीसही झालेला नाही. बराच वेळ अंगठ्याने काउंटरची कड घासत राहिला आणि मग म्हणाला, "भाव काय लागला म्हनलो नाही का?"

म्हटलं, नाही. तेवढं विचारायचं राहिलं.